प्रथिन-लिगंड बंध मोजायचा तर कार्बोनिक अनहायड्रेज का, आणि केडी नेमकी कुठे चुकते

प्रश्न असा आहे: प्रथिन आणि लिगंड (प्रथिनाला बसणारा छोटा रेणू) एकमेकांना कसे धरतात हे प्रयोगाने शिकायचं आहे, त्यासाठी नमुना म्हणून कोणतं एन्झाइम घ्यावं, प्रयोग कसा लावावा, आणि हाती येणारी केडी (म्हणजे वियोजन स्थिरांक; जितकी लहान तितकी पकड घट्ट) कितपत खरी मानावी?

माझं उत्तर कार्बोनिक अनहायड्रेज २, कार्बन डायऑक्साइडवर काम करणारं एन्झाइम. मानवी किंवा गाईचं, दोन्ही चालतात. मात्र हे एन्झाइम सोपं आहे म्हणून त्यावरचा आकडाही सोपा असेल, असं समजू नका. जवळजवळ सगळ्या चुका तिथेच होतात.

आधी निवडीची कारणं. हे एकच साखळी असलेलं, सुमारे २९ किलोडाल्टनचं प्रथिन आहे. डायसल्फाइड बंध नाहीत, दुसरा उपघटक नाही, लिगंड बसल्यावर सांगाड्यात फारशी हालचाल नाही. एका रेणूला एकच लिगंड बसतो. १९३३ साली मेल्ड्रम आणि रफ्टन यांनी ते वेगळं केलं, १९४० च्या आसपास केलिन आणि मॅन यांनी त्यात जस्त असल्याचं आणि सल्फानिलमाइडने ते बंद पडत असल्याचं दाखवलं, १९७२ मध्ये मानवी प्रथिनाची त्रिमितीय रचना आली. म्हणजे ज्या खाचेत तुम्ही रेणू घालणार, तिचा कोपरान् कोपरा आधीच पाहिलेला आहे. स्फटिकही आज्ञाधारक, १.५ अँगस्ट्रॉमच्या आसपासचा तपशील मिळणं इथे नवलाचं नाही. ट्रिप्सिन-बेन्झामिडीन किंवा टी४ लायसोझाइमची पोकळी हेही चांगले नमुने आहेत, पण एकाच साच्यातले शेकडो लिगंड, पिकोमोलरपासून मिलीमोलरपर्यंतची पकड आणि मोजायच्या पाच-सहा स्वतंत्र पद्धती एवढं सगळं एका ठिकाणी सहसा मिळत नाही.

खाच शंकूच्या आकाराची, सुमारे १५ अँगस्ट्रॉम खोल. तळाशी जस्त, तीन हिस्टिडिनांनी (९४, ९६ आणि ११९) धरलेलं. चौथ्या जागी पाणी किंवा हायड्रॉक्साइड. अ‍ॅरिल सल्फोनमाइड (बेन्झीनसारख्या वलयाला सल्फर-नायट्रोजनचा गट जोडलेला रेणू) आला की त्याचा नायट्रोजन ती चौथी जागा घेतो. बसतो तो ऋण प्रभार घेऊन, म्हणजे एक प्रोटॉन गमावून. नायट्रोजनवर उरलेला हायड्रोजन थ्रिओनिन १९९ च्या बाजूच्या ऑक्सिजनशी बंध करतो आणि सल्फरवरचा एक ऑक्सिजन त्याच थ्रिओनिनच्या कण्यातल्या एनएचशी. हे 'डोकं' दर वेळी तसंच बसतं. पुढे बेन्झीनचं वलय, आणि त्याच्या पॅरा जागेवर (डोक्याच्या बरोबर समोर) लावलेली शेपटी खाचेच्या भिंतींवरून बाहेर येते: एका बाजूला फेनिलअ‍ॅलनिन १३१, व्हॅलिन १३५, ल्युसिन १९८, प्रोलिन २०२ यांची पाण्याला टाळणारी भिंत, दुसऱ्या बाजूला अ‍ॅस्परजिन ६२, हिस्टिडिन ६४, ग्लुटामिन ९२ यांची पाण्याला जवळ करणारी. डोकं स्थिर ठेवून फक्त शेपटी बदलता येते, हीच या नमुन्याची खरी किंमत. दोन लिगंडांमधला फरक कशामुळे आला हे बोट ठेवून सांगता येतं.

आता गोम. बेन्झीनसल्फोनमाइडची पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंनी प्रोटॉन सोडलेला असतो तो आकडा) सुमारे १०. पीएच ७ ला हजारात एकच रेणू प्रोटॉन सोडलेला, म्हणजे बसायला लायक. उलट जस्तावरचं पाणी सोडून जायला तयार असायला हवं. ते पाणी म्हणूनच असेल तर सहज जातं, हायड्रॉक्साइड असेल तर आधी त्याला प्रोटॉन द्यावा लागतो. त्या पाण्याची पीकेए ६.९ च्या आसपास धरली, तर पीएच ७ ला ४४ टक्के जस्तांवर पाणी आणि उरलेल्यांवर हायड्रॉक्साइड. म्हणजे तुम्ही जी केडी मोजता ती मूळ केडी नव्हे. ०.००१ गुणिले ०.४४ एवढ्याच लायक जोड्या उपलब्ध असताना दिसणारी ती केडी आहे. मूळ पकड तिच्या दोन हजार पटींहून घट्ट असते.

हाच हिशेब वेगवेगळ्या पीएचला करून पाहा. पीएच ६ ला लायक जोड्यांचं प्रमाण पीएच ७ च्या एक पंचमांशावर येतं, म्हणजे तोच लिगंड पाचपट सैल दिसतो. पीएच ८.४५ ला, दोन्ही पीकेएंच्या बरोबर मधोमध, पकड सर्वांत घट्ट दिसते. तरी ती पीएच ७ पेक्षा दुपटीहूनही कमीच चढलेली असते. त्याच्याही पुढे गेलात की पुन्हा घसरण. पीएचविरुद्ध आलेख काढला तर घंटेसारखा येतो.

यातून व्यवहाराची एक गोष्ट निघते. वलयावर फ्लोरिन किंवा नायट्रो लावला आणि केडी दहापट सुधारली, तर 'फ्लोरिन भिंतीला छान चिकटला' असं लिहिण्याआधी नव्या रेणूची पीकेए मोजा. ती १० वरून ९ वर आली असेल, तर पीएच ७ ला लायक रेणू दहापट झालेत आणि तुमची सगळी सुधारणा तिथेच संपली. (घट्टपणाचा थोडा भाग उलट दिशेनेही जातो, कारण कमी क्षारधर्मी नायट्रोजन जस्ताला किंचित सैल धरतो.) शेपटीचा अभ्यास करायचा असेल तर वलय आणि शेपटी यांच्यामध्ये अमाइडचा एकच ठरलेला दुवा ठेवा, त्यापलीकडे काहीही बदललं तरी पीकेए जवळपास हलत नाही.

प्रथिनाकडे वळू. बाजारात मिळणारं गाईच्या लाल पेशींतलं प्रथिन गोठवून सुकवलेल्या भुकटीच्या रूपात येतं. त्यात क्षार आणि ओलावा असतो, म्हणून वजनावरून संहती कधीही काढू नका. बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) विरघळवा, सेंट्रिफ्यूजमध्ये १४,००० जी ला १० मिनिटं फिरवा, वरचं द्रावण घ्या आणि २८० नॅनोमीटरला शोषण वाचा. गाईच्या प्रथिनासाठी मोलर शोषणांक ५७,०००, मानवीसाठी सुमारे ५४,०००. शोषण ०.५७ आलं तर गाईचं प्रथिन १० मायक्रोमोलर. त्याच वेळी ३२० ते ३५० नॅनोमीटरचा भागही बघा. तिथे शून्य नसेल तर गुठळ्या आहेत आणि २८० चा आकडा फुगलेला आहे.

मानवी प्रथिन स्वतः जिवाणूत बनवत असाल तर इंडक्शनच्या वेळी (जिवाणूंना प्रथिन बनवायला लावताना) माध्यमात झिंक सल्फेट घाला, नाहीतर काही रेणू जस्ताविना राहतात. शुद्धीकरणासाठी हिस्टिडिन टॅगची गरज नाही. सल्फोनमाइड लावलेल्या अ‍ॅगरोजच्या स्तंभावर हे प्रथिन सुंदर अडकतं. पण ते सोडवायला सोडियम अझाइड वापरतात, साधारण ०.४ मोलर, आणि अझाइड हा स्वतःच जस्तावर बसणारा ऋणायन आहे. शंभरपट आकारमानाच्या बफरमध्ये एकदा डायलिसिस केलं (पडद्याच्या पिशवीतून लहान रेणू बाहेर जाऊ दिले) तर ४ मिलीमोलर अझाइड आतच उरतो. दोनदा केलं तर ४० मायक्रोमोलर, तिसऱ्यांदा ०.४. तीनदा केल्याशिवाय पुढे जाऊ नका. याच कारणाने बाटली टिकावी म्हणून घातलेला ०.०२ टक्के अझाइडही घातक. तो सुमारे ३ मिलीमोलर होतो आणि या एन्झाइमशी त्याची पकड मिलीमोलरच्याच घरात आहे. सायनाइड, थायोसायनेट तर सोडाच. क्लोराइड मात्र या प्रकारावर दुबळा आहे, १०० मिलीमोलर मिठाने फार बिघडत नाही; कार्बोनिक अनहायड्रेज १ वर तो कितीतरी जास्त जोराने बसतो. तेव्हा एका प्रकाराचा बफर डोळे मिटून दुसऱ्याला लावू नका.

ईडीटीए थोड्या वेळासाठी आला तर जस्त लगेच निघत नाही, पकड पिकोमोलरमधली आहे. मुद्दाम जस्त काढायचं असेल तर पिरिडिन-२,६-डायकार्बॉक्सिलिक आम्लाने डायलिसिस करतात.

शोषणावरून मिळालेली संहती म्हणजे एकूण प्रथिन. त्यातलं जिवंत किती हे वेगळं मोजावं लागतं, आणि ही पायरी सर्रास गाळली जाते. पद्धत सोपी आहे. हे एन्झाइम पॅरा-नायट्रोफेनिल अ‍ॅसिटेटही तोडतं. कार्बन डायऑक्साइडच्या मानाने अगदी कूर्मगतीने, पण साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर वाचता येईल इतपत. वाचन ३४८ नॅनोमीटरला घ्या. नायट्रोफेनॉल आणि त्याचा आयन दोघांचं शोषण तिथे सारखं असल्याने पीएच थोडा इकडेतिकडे झाला तरी आकडा हलत नाही. शोषणांक सुमारे ५,०००. क्युवेटमध्ये एन्झाइम ०.५ मायक्रोमोलर, सब्स्ट्रेट ०.५ मिलीमोलर (अ‍ॅसिटोनायट्राइलमधल्या ताज्या साठ्यातून), २५ अंश सेल्सिअस, पीएच ७.५ ते ८. मिनिटाला ०.२ च्या आसपास शोषण वाढायला हवं. एन्झाइमविना जेवढं आपोआप तुटतं तेवढं वजा करा. पीएच ८ च्या वर ते लक्षणीय असतं.

मग अ‍ॅसिटाझोलमाइड घ्या. रेणुभार २२२.२, २.२२ मिलिग्रॅम १ मिलिलिटर डीएमएसओ या द्रावकामध्ये, म्हणजे १० मिलीमोलर. पातळ करून एन्झाइममध्ये ० ते १ मायक्रोमोलरपर्यंत आठ-दहा पायऱ्यांत घाला, प्रत्येक मिश्रण १५ मिनिटं ठेवा, मगच सब्स्ट्रेट घालून वेग वाचा. त्याची केडी दहा-वीस नॅनोमोलर, एन्झाइम त्याच्या कितीतरी पट, म्हणून घातलेला जवळपास प्रत्येक रेणू एक एन्झाइम बंद करतो. वेग सरळ रेषेत उतरतो आणि शून्याजवळ वळतो. सरळ भाग खाली वाढवून आडव्या अक्षाला जिथे लागतो ती सक्रिय एन्झाइमची संहती. शोषणाने ०.५ सांगितलं आणि रेषा ०.४२ ला लागली, तर तुमचं प्रथिन ८४ टक्के जिवंत आहे. पुढच्या सगळ्या हिशेबात ०.८४ ने गुणा. रेषा ०.५ च्या पलीकडे लागली तर प्रथिन शंभर टक्क्यांहून जास्त जिवंत असू शकत नाही. अ‍ॅसिटाझोलमाइडचं वजन किंवा पातळ करणं चुकलंय.

केडी मोजायला सुरुवात डॅन्सिलअमाइडने करावी. १९६७ मध्ये चेन आणि कर्नोहन यांनी दाखवलं की हा रेणू पाण्यात मंद चमकतो, सुमारे ५८० नॅनोमीटरला. खाचेत गेल्यावर चमक ४६८ च्या आसपास सरकते आणि कितीतरी पटींनी वाढते. प्रथिनातल्या ट्रिप्टोफॅनांना २८० ते २९० नॅनोमीटरचा प्रकाश दिला की त्यांची ऊर्जा थेट बसलेल्या डॅन्सिलकडे जाते, म्हणजे मोकळ्या डॅन्सिलचा गोंधळ आणखी कमी. त्याची स्वतःची केडी ०.२ ते १ मायक्रोमोलरमध्ये असते. ती पुस्तकातून घेऊ नका. तुमच्या बफरमध्ये, तुमच्या प्रथिनावर मोजा. प्रथिन ०.२ मायक्रोमोलर, डॅन्सिलअमाइड ०.०५ पासून १० मायक्रोमोलरपर्यंत दुपटीच्या पायऱ्यांनी. प्रथिनाविना तीच मालिका समांतर चालवा आणि वजा करा. डॅन्सिल वाढत जातो तसं तो स्वतःच येणारा प्रकाश खातो. उद्दीपनाच्या तरंगलांबीला शोषण ०.०५ च्या वर गेलं की आलेख वरच्या टोकाला खोटाच वाकतो आणि केडी खरीपेक्षा घट्ट दिसते. मग प्रत्येक वाचनाला उद्दीपनाच्या आणि चमकेच्या अशा दोन्ही तरंगलांबींच्या शोषणांच्या सरासरीइतक्या १० च्या घाताने गुणून दुरुस्ती करावी लागते. दोन वाचनांच्या मध्ये शटर बंद. डॅन्सिल उजेडात विटतो.

इतर लिगंड मग डॅन्सिलअमाइडला हुसकावून मोजायचे. प्रथिन ५० नॅनोमोलर, डॅन्सिलअमाइड ५ मायक्रोमोलर, लिगंड वाढवत न्या, चमक उतरत जाते.

दिसणारी केडी = खरी केडी × (१ + डॅन्सिलअमाइडची संहती ÷ डॅन्सिलअमाइडची केडी)

समजा डॅन्सिलअमाइडची केडी तुमच्याकडे ०.४ मायक्रोमोलर आली. कंसातली संख्या १३.५. खरी केडी ५ नॅनोमोलर असलेला लिगंड सुमारे ६७ नॅनोमोलरवाला दिसेल. हा तोटा नाही, सोय आहे: घट्ट लिगंड मोजता येईल अशा पट्ट्यात सरकतो.

नॅनोमोलर संहतीला प्रथिन प्लॅस्टिकला आणि काचेला चिकटतं. त्यावर उपाय म्हणून अनेक जण सवयीने बोवाइन सीरम अल्ब्युमिन (गाईच्या रक्तातलं प्रथिन) घालतात. इथे ते अजिबात नको. अल्ब्युमिन डॅन्सिलच्या रेणूंना स्वतःच धरतं आणि तेही चमकतं. शिवाय सल्फोनमाइडही गिळतं. ०.००५ टक्के ट्वीन-२० (साबणासारखा सौम्य पदार्थ) पुरतं.

सर्वांत जास्त खोटे आकडे मात्र पुढच्या चुकीतून येतात. प्रथिन १०० नॅनोमोलर आणि लिगंडची खरी केडी २ नॅनोमोलर असेल, तर प्रथिन अर्धं भरायला किती लिगंड लागतो? अर्धं प्रथिन भरायलाच ५० नॅनोमोलर लिगंड खर्ची पडतो, त्यावर मोकळा २ नॅनोमोलर हवा. एकूण ५२. आलेखाचा मध्यबिंदू वाचून 'केडी ५२ नॅनोमोलर' लिहिलं की २६ पटींची चूक झाली. गंमत म्हणजे याहून चांगला लिगंड, अगदी ०.०२ नॅनोमोलरवाला आणला तरी मध्यबिंदू ५० च्या खाली जात नाही. एका मालिकेतल्या सगळ्या लिगंडांच्या केडी प्रथिनाच्या निम्म्या संहतीजवळ गर्दी करून बसल्या असतील, तर तुम्ही लिगंड मोजत नाही आहात, प्रथिन मोजत आहात.

उपाय दोन. एक, प्रथिन केडीच्या जवळ किंवा खाली आणा. ते जमत नसेल तर मोकळा लिगंड म्हणजेच एकूण लिगंड हे गृहीत सोडा आणि पूर्ण वर्गसमीकरण बसवा (प्र म्हणजे एकूण सक्रिय प्रथिन, लि म्हणजे एकूण लिगंड, के म्हणजे केडी):

बद्ध = ½ × [(प्र + लि + के) − √((प्र + लि + के)² − ४ × प्र × लि)]

प्र ची जागा भरायला मघाची सक्रिय संहतीच हवी. प्र ही बसवायची राशी म्हणून मोकळी सोडली आणि केडीही मोकळी सोडली, तर दोन्ही एकमेकांची भरपाई करत कुठेही जातात. प्रथिन केडीच्या शंभरपट असेल तर समीकरणही वाचवत नाही; आलेखात केडीची माहितीच उरलेली नसते.

दुसरी शांत चूक वेळेची. सल्फोनमाइडांचा बसायचा वेग मर्यादित असतो, आणि घट्ट लिगंड सुटायलाही आळशी असू शकतात. बसण्याचा वेग १०⁵ प्रति मोलर प्रति सेकंद आणि केडी १ नॅनोमोलर असेल, तर सुटण्याचा वेग सेकंदाला १०⁻⁴, म्हणजे अर्धकाल जवळजवळ दोन तास. १० नॅनोमोलर मोकळ्या लिगंडला समतोल गाठायला पाच अर्धकाल, सुमारे ५३ मिनिटं. १ नॅनोमोलरच्या खालच्या नळ्यांना काही तास. शिवाय खाचेत आधीच डॅन्सिल बसलेला असेल तर आणखी उशीर. दहा मिनिटांत सगळी प्लेट वाचली, तर कमी संहतीच्या नळ्या अर्ध्या वाटेवर असतात आणि घट्ट लिगंड सैल दिसतो. ओळखायचं कसं? तीच प्लेट एक तासाने आणि चार तासांनी पुन्हा वाचा. केडी हलत असेल तर अजून थांबा.

उष्णता मोजायची असेल तर समतापी टायट्रेशन कॅलरिमेट्री, म्हणजे आयटीसी. सरावाला ४-कार्बॉक्सीबेन्झीनसल्फोनमाइड घ्या. पीएच ७ ला ते डीएमएसओविना विरघळतं, केडी १ मायक्रोमोलरच्या आसपास, आणि उष्णता भरपूर निघते. रेणुभार २०१.२, २.०१ मिलिग्रॅम १० मिलिलिटर बफरमध्ये म्हणजे १ मिलीमोलर. ते आम्ल आहे, तेव्हा विरघळवल्यावर पीएच तपासून सारखा करा. सेलमध्ये प्रथिन २० मायक्रोमोलर, सिरिंजमध्ये लिगंड २५० मायक्रोमोलर. प्रथिनाची संहती भागिले केडी, ज्याला सी-मूल्य म्हणतात, ते इथे २० येतं. १० ते १०० मध्ये आलेख छान नागमोडी येतो. केडी १ नॅनोमोलर असलेल्या लिगंडला हीच मांडणी लावली तर सी-मूल्य २०,००० आणि आलेख जिन्याच्या एका पायरीसारखा उभा: एन्थॅल्पी (बंधाची उष्णता) मिळते, केडी नाही. तसल्या लिगंडसाठी सेलमध्ये आधी सैल लिगंड भरून ठेवायचा आणि घट्टाने त्याला हुसकवायचं, डॅन्सिलसारखंच.

प्रथिन ज्या बफरमध्ये डायलिसिस केलं त्याच भांड्यातल्या बफरमध्ये लिगंड विरघळवा. नव्याने 'तसाच' बनवलेला बफर चालत नाही. डीएमएसओ लागलाच तर दोन्ही बाजूंना अगदी समान. अर्ध्या टक्क्याचा फरकही बंधाच्या उष्णतेला झाकून टाकतो. पहिलं इंजेक्शन ०.४ मायक्रोलिटरचं ठेवा आणि हिशेबातून काढून टाका, कारण थांबल्या वेळात सुईच्या टोकातून लिगंड झिरपलेला असतो. इंजेक्शनांमध्ये १५० ते १८० सेकंद.

निकालातली एन, म्हणजे एका प्रथिनाला किती लिगंड, हा आकडा नीट वाचायला शिका. प्रथिनाच्या संहतीतली चूक जवळपास सगळी एनमध्ये जाते. एन ०.८४ आणि सक्रिय अंशही ०.८४, तर सगळं जुळलं. पण लिगंडच्या संहतीतली चूक थेट केडीत आणि एन्थॅल्पीत उतरते. लिगंड समजल्यापेक्षा १० टक्के कमी असेल तर एन १.११ दिसेल आणि केडी ११ टक्क्यांनी सैल. गाईचं एन्झाइम आणि हाच कार्बॉक्सी लिगंड वेगवेगळ्या प्रयोगशाळांना देऊन केलेली तुलना २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. एन्थॅल्पीतली फारकत चोवीस टक्क्यांच्या आसपास होती. यंत्रं इतकी वाईट नव्हती. अशी फारकत पडायला वजनकाटा आणि पिपेट पुरतात.

आयटीसीत प्रोटॉनांचा हिशेब पुन्हा पुढे येतो. पीएच ७ ला सल्फोनमाइड जवळपास एक प्रोटॉन सोडतो, ५६ टक्के जस्तांवरचं हायड्रॉक्साइड प्रोटॉन घेतं, उरलेला ०.४४ प्रोटॉन बफरच्या गळ्यात पडतो. तो घेताना बफर उष्णता सोडतो, आणि किती ते बफरवर अवलंबून. आयनीकरणाची एन्थॅल्पी फॉस्फेटची ३.६ किलोज्यूल प्रति मोल, हेपेसची २०.४, ट्रिसची ४७.४. म्हणजे तोच बंध, तेच प्रथिन, तोच पीएच, पण ट्रिसमध्ये फॉस्फेटपेक्षा १९ किलोज्यूलने जास्त उष्ण दिसणार! केडी दोन्हीकडे सारखी, त्यामुळे एन्ट्रॉपीचा (अव्यवस्थेतल्या बदलाचा) आकडाही तेवढाच सरकतो. ट्रिसमधला लिगंड 'एन्थॅल्पीवर चालतो' आणि फॉस्फेटमधला 'एन्ट्रॉपीवर' असे निष्कर्ष निघतात ते इथून. एका लिगंडला किमान तीन बफरांत मोजा, दिसणारी एन्थॅल्पी बफरच्या आयनीकरण एन्थॅल्पीविरुद्ध मांडा: उतार प्रोटॉनांची संख्या देतो (इथे उणे ०.४४ च्या जवळ यायला हवा), आणि बफरची शून्याला लावलेली एन्थॅल्पी अंतर्खंड देते. उतार भलताच आला तर पीएच मीटर तपासा. ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर बराच सरकतो, म्हणून २५ अंशांवरच जुळवावा.

पृष्ठभागावर प्रथिन बांधून मोजायची पद्धत, एसपीआर, इथे छान चालते. लहान लिगंडचा संकेत किती अपेक्षित आहे ते आधी काढा: ३,००० एकक प्रथिन बांधलं आणि लिगंड २०० डाल्टनचा असेल तर कमाल २१ एकक. त्याहून जास्त संकेत आला तर तो बंध नव्हे. चिकटणं आहे किंवा डीएमएसओचा फरक. उष्णता देऊन प्रथिन उलगडतं कधी ते पाहणारी चाचणी गाळणी म्हणून झकास, पण दोन लिगंडांची केडी तिच्यावरून क्रमवार लावू नका. वितळण्याच्या तापमानातली वाढ बंधाच्या एन्थॅल्पीवरही अवलंबून असते, आणि ती मोजणी २५ अंशांवरची नसतेच.

सगळं नीट केल्यावर हाती काय लागतं? इथेच हा नमुना मोलाचा ठरतो. पॅरा जागेवर एथिलीन ग्लायकॉलची किंवा ग्लायसिनची शेपटी एकेका एककाने वाढवत नेली तर केडी जवळपास हलत नाही. आळशी वाचक म्हणेल, शेपटी बाहेर लोंबते, काही करत नाही. पण आयटीसीत दिसतं की लांबीबरोबर एन्थॅल्पी प्रतिकूल होत जाते आणि एन्ट्रॉपी तेवढीच अनुकूल. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. नुसती केडी मोजली असती तर हे कधीच कळलं नसतं. तसंच वलयाला आणखी एक बेन्झीन जोडून पाण्याला टाळणारा पृष्ठभाग वाढवला की पकड घट्ट होते. पाठ्यपुस्तकाप्रमाणे हा लाभ एन्ट्रॉपीतून यायला हवा, या खाचेत मात्र तो मुख्यतः एन्थॅल्पीतून येतो, कारण खाचेतल्या पाण्याची मांडणीच बदलते.

म्हणून स्फटिकरचना जोडीला ठेवा आणि तिच्यात आधी पाण्याचे रेणू पाहा. एक सावधगिरी: थंडीपासून जपायला घातलेला ग्लिसरॉल या खाचेत बसलेला अनेक रचनांमध्ये दिसतो, आणि अर्धवट भरलेल्या लिगंडच्या शेपटीशी त्याची घनता सहज मिसळते. सल्फोनमाइडचा नायट्रोजन जस्तापासून १.९ ते २ अँगस्ट्रॉमवर आणि स्पष्ट दिसत असेल, पण शेपटी पुसट असेल, तर शेपटीला जबरदस्तीने एका जागी बसवू नका. ती तिथे खरोखरच हलत असते, आणि तुमच्या एन्ट्रॉपीच्या आकड्याशी ते जुळतंही.

हे एन्झाइम कुठे कामाचं नाही तेही सांगतो. लिगंड येताच प्रथिन मिटतं-उघडतं अशा बंधांचा अभ्यास करायचा असेल तर याचा कडकपणा आडवा येतो. तिथे डायहायड्रोफोलेट रिडक्टेजकडे जा. दोन जागांमधलं सहकार्य इथे नाहीच. आणि बंधाचा मोठा वाटा जस्त-नायट्रोजन जोडणीचा असल्याने, 'निव्वळ हायड्रोजन बंधाची किंमत किती' असल्या प्रश्नाला इथलं उत्तर नेहमी दोन लिगंडांच्या फरकातूनच घ्यावं लागतं, एकट्या केडीतून नाही.